आधी मनाची गाठ, मग पाठीची : हवाई बेटांवरील लोमीलोमी



मुंबई-पुण्यातील आणि गोव्यातील स्पांच्या दरपत्रकांत ‘थाई’, ‘स्वीडिश’, ‘बालीनीज’ या नावांच्या रांगेत अलीकडे ‘लोमीलोमी’ हे नाव दिसू लागले आहे. मंद संगीत, सुगंधी तेल, दीड तासाचे मर्दन आणि त्याला साजेसे मूल्य, असे त्याचे स्वरूप असते. दुसरीकडे आपल्यापैकी अनेकांच्या भ्रमणध्वनीवर ‘होओपोनोपोनो’ नावाचा एक संदेश केव्हा ना केव्हा येऊन गेला असेल. क्षमा मागणारी, आभार मानणारी आणि प्रेम व्यक्त करणारी चार लहान वाक्ये मनातल्या मनात म्हणत राहावीत आणि आयुष्यातील अडचणी दूर व्हाव्यात, असे त्यात सांगितलेले असते.

हे दोन्ही शब्द आपल्यापर्यंत वेगवेगळ्या वाटांनी आले. एक शरीराचा उपचार म्हणून, दुसरा मनाचा उपचार म्हणून. ज्या भूमीतून ते आले तेथे मात्र ते एकाच घरात नांदत होते. प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर दुखऱ्या पाठीला हात लावण्यापूर्वी ‘घरात कोणाचे कोणाशी बिनसले आहे का?’ असे विचारण्याची रीत होती. या प्रश्नातच तेथील उपचारपरंपरेचे मर्म आहे, आणि कोणत्याही स्पात विकत न मिळणारी तीच एक गोष्ट आहे. आजच्या लेखात या परंपरेची ओळख करून घेऊ, तिच्यातील काय आपल्या घरी घेण्याजोगे आहे ते पाहू, आणि कोठे थांबावे हेही नीट समजून घेऊ.

शब्द, बेटे आणि अळूचे कोंब

हवाईयन भाषेत ‘लोमी’ म्हणजे चोळणे, दाबणे, मळणे. शब्दाची द्विरुक्ती झाली की क्रियेला सातत्य येते. आपण ‘चोळूनचोळून’ म्हणतो, तसेच ‘लोमीलोमी’. हा शब्द केवळ वैद्यकाचा नाही, स्वयंपाकघराचाही आहे. खारवलेला सामन मासा टोमॅटो आणि कांद्याबरोबर हाताने कुस्करून तेथे एक पदार्थ करतात, त्यालाही ‘लोमी सामन’ असेच म्हणतात. मर्दन ही एखाद्या मंदिराच्या गाभाऱ्यातली गूढ विद्या नसून रोजच्या जगण्यातली गोष्ट होती, याची साक्ष हा शब्दच देतो.

सुमारे हजार-आठशे वर्षांपूर्वी पॉलिनेशियन दर्यावर्दी जोडहोड्यांतून हजारो किलोमीटर समुद्र ओलांडून या बेटांवर पोहोचले. नव्या भूमीत काय मिळेल याची शाश्वती नसल्यामुळे त्यांनी रोपे आणि कंद बरोबर नेले होते. त्यांची नावे ऐकली की कोकणातील वाचकांना घरचे परसू आठवेल. नारळ, केळ, ऊस, हळद, अळू, नीरफणस ही सारी त्या होड्यांतून गेलेली झाडे. बारतोंडीच्या कुळातील नोनी आणि ज्याच्या बियांपासून तेल निघते तो कुकुई हेही त्यांतलेच. मर्दनासाठी खोबरेल किंवा कुकुईचे तेल, शुद्धीसाठी समुद्राच्या पाण्यात कालवलेली हळद, दुखऱ्या सांध्यावर ठेवण्यासाठी नोनीची गरम केलेली पाने, आणि निजण्यासाठी केवड्याच्या जातीतील ‘हाला’ या झाडाच्या पात्यांची विणलेली चटई, असे या उपचाराचे साहित्य होते.

यांतील अळूचे स्थान वेगळे आहे. हवाईयन पुराणकथेनुसार आदिपित्याचे पहिले अपत्य मृत जन्मले. ते जेथे पुरले तेथे अळूचे रोप उगवले. त्यानंतर जन्मलेले दुसरे अपत्य हा माणसाचा पूर्वज. म्हणजे अळू हा माणसाचा थोरला भाऊ ठरला. धाकट्याने थोरल्याची निगा राखावी आणि थोरल्याने धाकट्याचे पोषण करावे, असा हा करार. कुटुंबाला हवाईयन भाषेत ‘ओहाना’ म्हणतात. हा शब्द अळूच्या कंदाला बाजूने फुटणाऱ्या कोंबांच्या नावावरून, ‘ओहा’वरून, आला असे मानतात. एका कंदाचे कोंब एकमेकांपासून तुटलेले नसतात. एकाला कीड लागली तर ती इतरांपर्यंत पोहोचते. आजार हा एकट्या माणसाचा नसून घराचा असतो, ही तेथील वैद्यकाची धारणा याच प्रतिमेत मुरलेली आहे.

उपचाराचा क्रम

लोमीलोमीचे दोन स्तर होते. पहिला घरगुती. दिवसभर शेतात वा समुद्रावर राबून आलेल्यांचे अंग घरातील कोणीही रगडून देई. लहान मुले आजोबांच्या पाठीवर तोल सांभाळत चालत. तान्ह्या बाळांचे हातपाय आई आणि आजी चोळून देत. दुसरा स्तर जाणत्यांचा. कोणत्याही विद्येत पारंगत असलेल्या व्यक्तीला ‘काहुना’ म्हणत. होडी बांधणाराही काहुना आणि औषधी वनस्पती जाणणाराही काहुना. नुसत्या बोटांनी चाचपून रोगाचे निदान करणाऱ्या जाणत्यांचा एक स्वतंत्र वर्ग होता. त्या चाचपण्याला ‘हाहा’ म्हणत. शिकाऱ्यांना हे ज्ञान देण्यासाठी जमिनीवर मानवी देहाच्या आकारात खडे मांडत आणि कोणत्या जागी कोणता विकार हाताला कसा लागतो ते त्यांवरून समजावत.

गंभीर दुखण्यासाठी जाणत्याकडे गेलेल्या रुग्णाच्या अंगाला लगेच तेल लागत नसे. प्रथम विचारपूस होई, आणि तीत शरीराइतकीच नात्यांचीही चौकशी असे. घरात भांडण, शब्द मोडल्याची खंत किंवा गिळलेला अपमान आढळला तर आधी त्याचा निचरा करावा लागे. मग ‘पूले’, म्हणजे प्रार्थना. ती उपचाराच्या आरंभी असे आणि शेवटीही. त्यानंतर पानांच्या वाफेचा शेक, पोट साफ करण्यासाठी कधी समुद्राचे पाणी, आणि त्यापुढे प्रत्यक्ष मर्दन. यात तळहात, बोटांचे सांधे, कोपर, कोपरापुढचा हात आणि पायही वापरीत. ज्वालामुखीचे गुळगुळीत दगड तापवून, पानांत गुंडाळून शेकण्यासाठी घेत. आपल्याच पाठीवर हात पोहोचत नाही, म्हणून वाकड्या फांदीची एक काठी केलेली असे. तिचा आकडा खांद्यावरून मागे टाकून माणूस स्वतःच दुखरी जागा दाबू शके. मल्लविद्येच्या गुरूंनाही लोमीलोमी यावी लागे, कारण सांधा निखळवण्याची विद्या ज्याला द्यायची त्याला तो बसवण्याचीही विद्या यायला हवी, असा त्यांचा विचार होता.

या मर्दनाच्या सामर्थ्याची एक प्रसिद्ध नोंद हवाईच्या दक्षिणेकडील ताहिती बेटावरची आहे. तेथील लोकही पॉलिनेशियनच. १७७७ मध्ये इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुक कमरेपासून पायापर्यंतच्या वेदनेने बेजार होता. तेथील राजाची आई, बहिणी आणि इतर स्त्रिया अशा बाराजणी त्याच्या जहाजावर आल्या आणि सर्वांनी मिळून त्याचे अंग डोक्यापासून पायांपर्यंत इतके रगडले की हाडे वाजली, असे त्याने रोजनिशीत नमूद केले आहे. पाव तासात त्याला उतार पडला आणि तोच उपचार आणखी काही वेळा झाल्यावर वेदना गेली. ताहितीत या मर्दनाला ‘रोमी’ म्हणत. पुढच्याच वर्षाच्या आरंभी, १७७८ मध्ये, कुकची जहाजे हवाईला पोहोचली. या प्रसंगात आपण एक गोष्ट लक्षात घ्यावी. उपचार करणारा एकटा तज्ज्ञ नव्हता. एका घरातील आया-बहिणी होत्या आणि आजाऱ्याभोवती सारे घर जमले होते.

होओपोनोपोनो : जप नव्हे, बैठक

‘पोनो’ म्हणजे योग्य, नीट, जागच्या जागी. ‘होओपोनोपोनो’ म्हणजे बिघडलेले पुन्हा नीट करणे. आज तो एकट्याने करण्याचा जप म्हणून ओळखला जातो, त्यास कारण आहे. मॉर्ना सिमिओना (१९१३–१९९२) या हवाईयन उपचारक स्त्रीने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रथेचे व्यक्तीने स्वतःपुरते करावयाचे रूप घडवले. पुढे त्यांच्या परंपरेतून निघालेले चार वाक्यांचे सुटसुटीत रूप २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रजी पुस्तकाने जगभर पोहोचवले. त्या जपाने कोणाला शांत वाटत असेल तर त्यात गैर काही नाही. मूळ प्रथा मात्र निराळी होती, आणि ती जपापेक्षा अवघड होती.

हवाईयन भाषा आणि लोकरीतींच्या थोर अभ्यासक मेरी कावेना पुकुई (१८९५–१९८६) यांनी सहकाऱ्यांसह १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘नाना इ के कुमु’ या ग्रंथात तिचे तपशीलवार वर्णन केले आहे. घरातील सर्व संबंधित माणसे एकत्र बसत. सर्वांचा विश्वास असलेली एक ज्येष्ठ व्यक्ती बैठक चालवी. प्रार्थनेने आरंभ होई. मग प्रश्न काय आहे ते स्पष्ट शब्दांत मांडले जाई. भांडणाला जी गुंतागुंत येते तिला ‘हिहिआ’ म्हणत, म्हणजे जाळ्यासारखा गुंता. एकाने दुसऱ्याला दुखावले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे तक्रार केली, तिसऱ्याने बोलणे टाकले, असे धाग्यात धागे अडकत जातात. हा गुंता एकेक पदर सोलून काढावा लागे.

या बैठकीचे दोन नियम विशेष सुज्ञपणाचे आहेत. पहिला असा की, कोणी कोणाशी थेट बोलायचे नाही. जे सांगायचे ते मधल्या ज्येष्ठाला उद्देशून सांगायचे. त्यामुळे शब्दाला शब्द लागून भडका उडत नसे. दुसरा नियम मौनाचा. राग चढू लागला की ज्येष्ठ व्यक्ती बैठक थांबवी. सर्वांनी काही वेळ गप्प बसून विचार करायचा, आणि मग पुन्हा आरंभ. शेवटी अपराध कबूल करून क्षमा मागणे आणि समोरच्याने ती देणे. या मोकळे करण्याला ‘काला’ म्हणत. त्यात क्षमा मागणारा सुटे आणि मनात धरून बसलेलाही सुटे, कारण दोरीच्या दोन्ही टोकांना दोघेही बांधलेले असतात, अशी समजूत होती. जे मिटले ते पुन्हा उकरायचे नाही, असे ठरवून आणि एकत्र जेवून बैठक संपे.

आता लक्षात येईल की लोमीलोमीच्या आधी ही बैठक का असे. ज्याच्यावर मनातून राग आहे त्याच्या हाताखाली अंग सैल सोडता येत नाही. आणि ज्याच्या मनात अढी आहे त्याचा हात कितीही कुशल असला तरी परका वाटतो. हे कळण्यासाठी कोणत्याही गूढ शक्तीवर श्रद्धा ठेवण्याची गरज नाही. प्रत्येक घराला त्याचा अनुभव आहे.

हरपलेले आणि राखलेले

ही विद्या आज टिकून आहे, यामागे मोठा संघर्ष आहे. कुकच्या जहाजांमागोमाग व्यापारी आणि व्हेलची शिकार करणारे आले. त्यांच्याबरोबर असे रोग आले की ज्यांची बेटांवरील माणसांच्या शरीराला ओळखच नव्हती. गोवर, डांग्या खोकला, इन्फ्लुएंझा, देवी अशा साथींनी गावेच्या गावे ओस पडली. कुकच्या आगमनावेळी बेटांवर काही लाखांची वस्ती असावी असे अनेक अभ्यासक मानतात. १८९० च्या जनगणनेत मिश्र वंशाचे धरूनही मूळ हवाईयन सुमारे चाळीस हजारच उरले होते. मर्दनाने आणि वनस्पतींनी या रोगांशी लढता येणे शक्य नव्हते, आणि आपले उपचार अपुरे पडताना पाहणे हे जाणत्यांच्या वाट्याला आले. परंपरेचा अभिमान बाळगताना हे सत्यही विसरू नये.

१८१९ मध्ये जुनी धर्मबंधने राजघराण्यानेच मोडली. १८२० मध्ये अमेरिकेतून ख्रिस्ती धर्मोपदेशक आले. काहुनांच्या प्रार्थनांना जादूटोणा म्हटले जाऊ लागले. १८९३ मध्ये राणी लिलिउओकालानी हिची सत्ता उलथवण्यात आली आणि १८९६ च्या कायद्याने शाळांतून इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम ठरले. भाषा गेली की भाषेतून दिली जाणारी विद्याही जाते. लोमीलोमी टिकली ती घराघरांत, आजी-आजोबांच्या हातून निवडक नातवंडांच्या हाती जात.

हवाई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील मार्गारेट माचाडो (१९१६–२००९) यांना ही विद्या अशीच आजोबांकडून मिळाली. त्यांनी १९७० च्या दशकात कुटुंबाबाहेरच्यांना आणि हवाईबाहेरच्यांनाही ती शिकवायला घेतली. समुद्रकाठच्या त्यांच्या घरी शिकाऱ्यांना केवळ हात कसा फिरवावा हे कळत नसे. प्रार्थना, वाफ, शरीरशुद्धी आणि सेवाभाव यांसह सारे शिकावे लागे. घरची विद्या परक्यांना द्यावी का, याविषयी हवाईयन समाजात तेव्हाही मतभेद होते, आजही आहेत. १९७८ मध्ये राज्यघटनेत बदल होऊन हवाईयन भाषेला इंग्रजीच्या बरोबरीने राजभाषेचा मान मिळाला आणि परंपरांच्या पुनरुज्जीवनाला बळ आले. पारंपरिक उपचारकांची पारख त्यांच्याच समाजातील ज्येष्ठांच्या मंडळाने करावी, हे तत्त्वही पुढे तेथील कायद्याने मान्य केले.

आज स्पांमध्ये दिसणारी, मेजाभोवती फिरत कोपरापुढच्या हाताने लांबच लांब ओढ देणारी शैली बरीचशी काउआई बेटावरील अब्राहम कावाइई यांच्या शिकवणुकीतून पसरली. तिला ‘प्राचीन मंदिरातील मर्दन’ म्हणून विकले जाते, तेव्हा आपण सावध असावे. ती सुखद असू शकते. परंतु जुन्या घरांतील लोमीलोमी ही चटईवर, बहुधा अंगावरच्या कपड्यांनिशी आणि घरच्याच माणसांकडून होणारी साधी गोष्ट होती.

विज्ञानाच्या कसोटीवर

मर्दनाने काय होते आणि काय होत नाही, हे स्पष्ट असलेले बरे. जुनाट कंबरदुखीत मर्दनाने काही काळ आराम मिळतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. हा आराम बहुधा अल्पकाळ टिकतो आणि पुरावा फार भक्कम नाही. चिंता उणावणे, झोप सुधारणे हे लाभही अनेकांना होतात. १९८६ मध्ये अमेरिकेत टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांवर केलेल्या अभ्यासात, नियमित हळुवार मर्दन मिळालेल्या बाळांचे वजन इतर बाळांपेक्षा ४७ टक्क्यांनी अधिक वेगाने वाढल्याचे आढळले होते.

स्पर्शाचे शास्त्रही आता बरेच उलगडले आहे. त्वचेतील स्पर्शाच्या आणि तापमानाच्या संवेदकांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापूटियन यांना २०२१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या केसाळ त्वचेत काही चेतातंतू असे आहेत की ते कुरवाळण्यासारख्या हळुवार स्पर्शालाच उत्तम प्रतिसाद देतात. सेकंदाला एक ते दहा सेंटीमीटर एवढ्या संथ गतीने हात फिरला तर ते सर्वाधिक जागे होतात. भराभर चोळले तर नाही. आई बाळाच्या अंगावरून नकळत ज्या गतीने हात फिरवते ती हीच.

मात्र मर्दनाने ‘शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर पडतात’ हा दावा निराधार आहे. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र करीत असतात. मर्दनाने कर्करोग, मधुमेह वा हृदयविकार बरा होत नाही. तसे आश्वासन देणाऱ्यापासून, मग तो हवाईचे नाव घेवो वा अन्य कोणाचे, दूर राहावे.

कोठे हात लावू नये

ताप असताना, त्वचेवर जखम, पुरळ वा संसर्ग असताना, अस्थिभंगाची शंका असताना मर्दन करू नये. एकाच पोटरीला सूज, उष्णता आणि वेदना असेल तर ती चोळू नये. आतील शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. अशा वेळी थेट डॉक्टर गाठावा. हाडे ठिसूळ झालेल्या ज्येष्ठांच्या पाठीवर नातवंडांना चालू देऊ नये. रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, कर्करोगाचे उपचार चालू असलेले, गर्भवती स्त्रिया आणि पायांची संवेदना गेलेले मधुमेही यांनी डॉक्टरांना विचारूनच मर्दन घ्यावे.

पोटाविषयी विशेष सांगणे आहे. ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घेण्याची रीत आपल्याकडे आहे. पोट ‘उलटले’ असे म्हणून ते चोळण्याची रीत हवाईतही होती. अचानक उठलेली तीव्र पोटदुखी, विशेषतः उलटी वा तापासह, ही आंत्रपुच्छाचा दाह असू शकते. तेथे चोळण्यात घालवलेला वेळ जिवावर बेतू शकतो. मानेला झटका देऊन ती ‘मोकळी’ करण्याचा प्रयोगही घरी कदापि करू नये.

घरी करून पाहावे असे

हवाईयन परंपरेचा विधी आपण उचलू नये; त्यामागे त्यांच्या देवता, त्यांची भाषा आणि त्यांचे पूर्वज आहेत. परंतु तिचा क्रम आपल्या घरीही लागू पडतो. आठवड्यातून एक संध्याकाळ, वीस मिनिटे, एवढे पुरेसे आहे.

प्रथम बोलणे. ज्याला मर्दन द्यायचे त्याच्याशी आठवड्यात काही खटके उडाले असतील तर ते आधी, शांतपणे आणि थोडक्यात बोलून घ्यावेत. दोघांना जमत नसेल तर घरातील तिसऱ्या समंजस माणसाला मध्ये बसवावे. राग चढला तर त्या दिवशी हात न लावता थांबावे. शांत होणे हाच त्या दिवशीचा उपचार समजावा.

मग विचारणे. ‘पाठ चोळून देऊ का?’ असे विचारून होकार मिळाल्यावरच पुढे जावे. मुलांच्या बाबतीतही हा नियम पाळावा. आपल्या देहाला कोणी हात लावायचा हे ठरवण्याचा अधिकार त्यांना यातून कळतो.

जमिनीवर चटई व जाडसर घडी घालून पालथे निजवावे. गुडघे दुखत असतील तर कुशीवर वा खुर्चीत पुढे टेकून बसवावे. थोडे खोबरेल तेल कोमट करून आपल्या मनगटावर आधी पाहावे. हात एकमेकांवर चोळून गरम करावेत. दोघांनी तीन-चार संथ श्वास घ्यावेत. ज्यांची श्रद्धा असेल त्यांनी मनात प्रार्थना करावी.

दोन्ही तळवे कण्याच्या दोन बाजूंना ठेवून कमरेपासून खांद्यापर्यंत सलग न्यावेत. कण्याच्या हाडावर दाब देऊ नये. हा प्रवास आठ-दहा सेकंदांचा असावा. घाई झाली की स्पर्शाचा गुण जातो. खांद्यांवरून हात बाजूंनी पुन्हा खाली आणावेत आणि एक हात तरी सतत अंगाला लागलेला राहू द्यावा. खांद्याच्या मांसल भागावर कोपरापुढच्या हाताची आतली मऊ बाजू हळूच फिरवावी. कोपराचे टोक नवख्याने वापरू नये. ‘दाब बरा वाटतो का?’ असे अधूनमधून विचारावे. तळपायांना अंगठ्याने गोलाकार दाब द्यावा. शेवटी दोन्ही हात पाठीवर मिनिटभर नुसते स्थिर ठेवावेत. काही न करता ठेवलेला हा हातच अनेकांना सर्वांत अधिक शांतवतो.

पुढच्या आठवड्यात पाळी बदलावी. घेणाऱ्याने द्यावे, देणाऱ्याने घ्यावे. विशेषतः घरातील ज्या स्त्रीने वर्षानुवर्षे इतरांच्या डोक्याला तेल लावले, पाय चेपले, बाळांना न्हाऊमाखू घातले, तिची पाळी सर्वांत आधी यावी. आणि घरातील ज्येष्ठांना विसरू नये. जोडीदार गेल्यावर कित्येक वृद्धांच्या आयुष्यातून स्पर्श जवळजवळ नाहीसा होतो. रक्तदाब मोजणारा हात सोडला तर महिनोन्‌महिने त्यांना कोणाचा हात लागत नाही. त्यांच्या खांद्यावर, तळहातावर, पावलांवर दहा मिनिटे फिरलेला नातवंडाचा हात ही कोणत्याही दरपत्रकात न सापडणारी गोष्ट आहे.

स्पात जाऊन लोमीलोमी घेण्यास कोणाची हरकत असू नये. प्रशिक्षित आणि प्रामाणिक हातांचा आराम जरूर घ्यावा. परंतु दुखणे शरीराबरोबर घरातही शोधण्याचे आणि हात लावण्यापूर्वी मन मोकळे करण्याचे काम घरच्यांनीच करायचे असते, आणि लोमीलोमीचा आरंभ तेथूनच होतो. या आठवड्यात आपल्या घरी तो कोणापासून करायचा, हे ठरवावे आणि त्या व्यक्तीला आजच विचारावे.